तरंगत्या नळीतल्या सात बॉबिन

गेल्या वर्षी जिन्याखालच्या कपाटात अकरा बाटल्या फुटल्या, त्या मी फोडल्या. फुटल्या तेव्हा मी घरात नव्हतो, गोदामात खोकी मोजत होतो. पण फोडायला माणूस जवळच असावा लागतो असं थोडंच आहे! त्याच्या महिनाभर आधी मी मामाचा काचेचा हायड्रोमीटर धुतला होता. मामा म्हणाला होता, नुसता पुसून ठेव. पण मी पडलो गावच्या शाळेत शिकलेला. उकळल्याशिवाय जंतू मरत नाहीत हे विज्ञानाच्या बाईंनी छडी हातात घेऊन शिकवलेलं. मी तो खळखळत्या पाण्यात सोडला, दहा मिनिटं शिजवला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

हायड्रोमीटर फुटला असता तर बरं झालं असतं. तो शाबूत राहिला.

ज्यांनी कधी घरी वाइन केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हायड्रोमीटर म्हणजे बुडाला वजन भरलेली काचेची नळी. रसात सोडली की तरंगते. रस जितका गोड, तितकी ती वर राहते. साखर संपून तिची दारू होत गेली की ती हळूहळू खाली बुडते. नळीच्या आत आकड्यांचा कागद चिकटवलेला असतो, रसाच्या पातळीशी येईल तो आकडा वाचायचा. साध्या पाण्यात हजार. ताज्या द्राक्षरसात हजार नव्वद. हजाराच्या थोडं खाली गेला की साखर संपली, भरा बाटल्या. माझ्या उकळत्या पाण्याने त्या कागदाचा डिंक सुटला आणि कागद नखाएवढा खाली सरकला. त्यामुळे हायड्रोमीटर सांगत होता हजार, आणि रसात साखर होती हजार पंधराची. आम्ही बुचं ठोकली. उरलेल्या साखरेने आत आपलं काम चालू ठेवलं, आणि एका दुपारी पहिली बाटली उडाली, तिच्या धक्क्याने दुसरी, मग बाकीच्या.

कपाटाला लागून मास्तरांनी एका डॉक्टरचे सहा पांढरे कोट शिवून टांगले होते. ते बघून डॉक्टर म्हणाले, "हे घालून बाहेर आलो तर एक पेशंट थांबायचा नाही."

मास्तर म्हणजे समोरच्या खोलीतले शिंपी. मामा आणि मास्तर तीस वर्षं एकाच जिन्यावर समोरासमोर राहत होते आणि दर हंगामाला दोघं मिळून एक बुधला वाइन करत. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. मामा त्यांना टाक्या म्हणायचा, ते मामाला तेजाब्या. कारण मामाचा धंदा बॅटऱ्यांचा. गाड्यांच्या बॅटऱ्या उघडून त्यातल्या तेजाबाची घनता मोजायची, पाणी घालायचं, चार्जिंगला लावायच्या. सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि दुकान बसलं, पण जिभेवरचे आकडे काही गेले नाहीत. भरलेली बॅटरी बाराशे ऐंशी, मेलेली अकराशे. मामा माणसंही त्यातच मोजायचा. मी कामावरून आलो की माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचा, "अकराशे वीस. जेव आधी."

त्या तीस वर्षांच्या वाफेने मामाचं नाक गेलं आणि नाकाबरोबर चवही गेली. चहात साखर आहे की मीठ हे त्याला विचारून कळत असे. असा माणूस वाइन करतो हे ऐकून लोक हसत. मामा म्हणे, "मला आकडा कळतो. चव टाक्याला कळते. एका माणसाला दोन्ही कळलं की तो शेफारतो."

खरंच तशी वाटणी होती. रस काढणं, ढवळणं, चाखणं मास्तरांकडे. मोजणं आणि वहीत लिहिणं मामाकडे. आणि शेवटी चमचाभर वाइन तोंडात घोळवून मास्तर जोवर "भरा" म्हणत नाहीत, तोवर एकही बूच लागत नसे. अकरा बाटल्यांच्या वेळी मात्र मास्तरांना पडसं झालेलं, नाक चोंदलेलं. त्यांनी मामाच्या आकड्यावर भरवसा ठेवून "भरा" म्हटलं होतं. त्या दिवशी काचा वेचताना मास्तर मला म्हणाले, "भाच्या, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. जंतू मेले, फक्त आम्ही थोडक्यात वाचलो."

यंदा द्राक्षं आली आणि त्याच आठवड्यात मास्तरांच्या पोटातलं दुखणं काय ते कळलं. डॉक्टरने आकडा सांगितला तो महिन्यांत होता, आणि एका हाताच्या बोटांवर मावणारा होता. मास्तरांनी तरी रस काढला. स्टुलावर बसून, दोनदा थांबून, हात कोपरापर्यंत लाल करून काढला. बुधला भरला, तोंडाला वायू बाहेर सोडणारी वळणाची नळी बसवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. ताईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. जाताना मास्तर टॅक्सीच्या खिडकीतून म्हणाले, "तेजाब्या, मला रोज आकडा कळवायचा. आणि 'भरा' मी म्हणणार. मी म्हटल्याशिवाय बूच लावलंस तर याद राख."

"तू म्हणशील रे. घाई काय आहे?" मामा म्हणाला.

"घाई मला नाही," मास्तर म्हणाले.

टॅक्सी गेली आणि मामा तिथेच उभा राहिला. रोज आकडा कळवायचा तर रोज बुधला उघडावा लागणार, आणि रोज हवा लागली की रस बिघडणार. न उघडावं तर मास्तर तिकडे भिंतीकडे बघत पडून राहणार. मामाच्या गळ्याशी आलेलं हे कोडं, आणि माझ्या डोक्यावर अकरा बाटल्या. मी म्हणालो, "मामा, आतच तरंगत राहील आणि आतूनच मोबाइलवर आकडा पाठवील असा हायड्रोमीटर करता येतो. मी वाचलंय."

"हा उकळायचा नाही ना?"

"नाही."

"मग कर."

त्याची युक्ती काचेच्या नळीपेक्षा सोपी आहे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक नळी घ्यायची. आत एक छोटी बॅटरी, आणि दोन नखांएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी, जिला आपण किती कललो आहोत ते कळतं. ही नळी रसात तिरकी तरंगते. दाट गोड रसात जवळजवळ आडवी पडते. साखर कमी होत गेली की बूड खाली जातं आणि नळी उभी राहत जाते. तासातासाला ती जागी होते, आपला कल घरच्या वायफायवरून पाठवते आणि परत झोपते. कलावरून आकडा काढायचा.

सुटे भाग मी मागवले, जोडणी मामाने केली. मामाचा श्वास जिन्यात तीनदा अडतो, पण सोल्डरचा डाग द्यायला बसला की हात दगडासारखा. अडलं ते वजनापाशी. नळी पाण्यात सोडली की सुट्टीवर आलेल्या साहेबासारखी सपशेल आडवी पडायची. बुडाशी खिळे घातले, ते वाजत होते. नटबोल्ट घातले, ते एका अंगाला झुकत होते. त्या रविवारी आम्ही ताईकडे गेलो तेव्हा मी नळी सोबत नेली आणि ताईच्या बादलीत सोडून मास्तरांना दाखवली.

मास्तर उशीला टेकून बघत होते. म्हणाले, "मशीनच्या खणात बॉबिन आहेत. पोलादी. सगळ्या एका वजनाच्या, मधे भोक, एकावर एक नीट बसतील. तेवढ्या घाल."

मशीन ताईने बरोबरच आणलं होतं. खणातून काढून एकेक घालत गेलो. सातव्या बॉबिनला नळी शहाण्या मुलासारखी तिरकी उभी राहिली. मामा झुकून बघत म्हणाला, "एकीवर निळा दोरा शिल्लक आहे. सोडवू?"

"राहू दे. तुझ्याच पँटीचा आहे, एका पायाची टीप राहिलीय," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि भाच्या, या उसन्या देतोय. मोजून सात. बाटल्या भरल्या की परत. मशीन पोरीला द्यायचंय, तिला लागतील."

ताई खिडकीशी पाठ करून उभी होती. तिने पडदा सारखा केला, तो आधीच सारखा होता.

घरी आल्यावर नळीला आकडे शिकवले. मामाने एक बाटली साध्या पाण्याने काठोकाठ भरून तोलली, मग तीच बाटली साखरेच्या पाण्याने भरून तोलली. "पाणी हजार ग्रॅम भरलं आणि तेवढंच गोड पाणी हजार पन्नास भरलं, तर घनता हजार पन्नास. यात कॉलेज कशाला लागतं?" असं म्हणत त्याने पाच बाटल्या पाच गोडीच्या केल्या. प्रत्येकीतलं पाणी उंच बरणीत ओतून मी नळी सोडायचो आणि कल वाचायचो. साध्या पाण्यात पंचवीस अंश, हजार नव्वदला साठ. मामाने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारून शेरा दिला: सात बॉबिन, दोऱ्यासकट. म्हणजे आता दोरा सोडवणंही बंद. वजन बदललं की सगळे आकडे चुकले.

नळी बुधल्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या मोबाइलवर मास्तरांनी पहिला आकडा पाहिला: हजार पंचाऐंशी. लगेच मामाला फोन. "तेजाब्या, लाज वाटते का? मी रस काढला तेव्हा नव्वद होता, पाच खाल्लेस कुठे?"

मग तो रोजचाच पाठ झाला. सकाळी आकडा आला की मास्तरांचा फोन, त्यात पाच मिनिटं शिव्या, मग दोघं काही न बोलता फोन धरून बसत. हजार सत्तर. हजार बावन्न. एकदा मी फोन घेतला तर म्हणाले, "तुझं यंत्र भारी आहे रे. ते रोज थोडं उभं राहतंय, मी रोज थोडा आडवा होतोय. कुठेतरी आमची गाठ पडणार."

हजार सदतीस. हजार अठ्ठावीस. आणि मग तीन दिवस कडाक्याची थंडी पडली, आणि आकडा हजार बावीसवर येऊन बसला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. आकडा खाली जाईना. त्याच आठवड्यात ताईच्या मोबाइलचं इंटरनेट बंद पडलेलं, म्हणून मास्तरांना हे दिसलं नव्हतं; फोनवर मामा नुसतं 'उतरतोय' म्हणायचा. मी म्हणालो, "मामा, काहीतरी कर की. ढवळ, गरम कर."

"ते टाक्याचं काम आहे," मामा म्हणाला. "मी कधी हात लावलाय? बिघडला तर? हा त्याचा शेवटचा आहे." शेवटचा हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला, आणि आल्यावर तो उठून उगाच खिडकी लावायला गेला. ती उघडी नव्हतीच.

मास्तरांना विचारावं तर अडकल्याचं सांगावं लागणार. रविवारी आम्ही त्यांना पाहिलं होतं. जिन्यात मामा म्हणाला होता, "प्लेटा पांढऱ्या पडल्या रे. आता चार्ज धरत नाही." त्या माणसाला तुझा रस अडकला म्हणून कोण सांगणार? सहाव्या दिवशी ताईचं इंटरनेट सुरू झालं आणि मामाने माझ्यासमोर वही ठेवली. "तो मोबाइलवर बघतो तो आकडा तुला बदलता येतो?"

"येतो."

"मग रोज दोन उतरव."

मी उतरवले. ते काम मला छान जमलं. वीस, अठरा, सोळा, चौदा. खरा आकडा मामाच्या मोबाइलवर, खोटा मास्तरांच्या. सकाळचे फोन चालू राहिले. मामा खोटं बोलताना वही समोर उघडून बसायचा, जणू त्यात खरंच तसं लिहिलं होतं.

एका दुपारी गोदामात जेवणाच्या सुट्टीत मला मास्तरांचा फोन आला. आवाज कागदासारखा.

"भाच्या, यंत्र कधी बिघडलं?"

"बिघडलं कुठे, मास्तर? उतरतोय की."

"हो ना, उतरतोय. पट्टी लावून ओढल्यासारखा. आधी कसा, दोन वर, तीन खाली, दुपारी एक, सकाळी एक. बुडबुडे चिकटतात, सुटतात. आता पाच दिवस सरळ रेघ. चाळीस वर्षं मी कापडावर खडूने सरळ रेघा मारल्या बाळा. सरळ असते ती रेघ. कापड नसतं."

मी डबा बंद केला.

"त्याने सांगितलं ना तुला?"

"हो."

"त्याला कळू देऊ नकोस मला कळलंय ते. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलतोय, बोलू दे. आणि तू जरा आकडा खालीवर कर. इतकी उघडी शिवण बघून माझ्या पोरीलासुद्धा समजेल."

त्या दिवसापासून मी आकडा खालीवर केला. गुरुजनांच्या मार्गदर्शनाखाली खोटं बोलणारा मी बहुधा एकटाच असेन.

खोटा आकडा नऊशे अठ्ठ्याण्णववर आला तो शनिवार होता. रविवारी मामाने बुधल्यातून रबरी नळीने एक छोटी बाटलीभर वाइन काढली, आणि आम्ही दोन बस बदलून गेलो. मास्तर आता घोट घेऊ शकत नव्हते. ताईने कापसाचा बोळा वाइनमध्ये बुडवून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी डोळे मिटले आणि जीभ हळूहळू फिरवली. मामा पलंगाची कड धरून उभा. इतक्या वर्षांत त्या तोंडाकडे तो असाच बघत आला होता, पण त्या दिवशी निकाल त्याला आधीच माहीत होता. अडकलेली गोड वाइन होती ती, कुणीही सांगितलं असतं.

मास्तरांनी डोळे उघडले. "कोरडी," ते म्हणाले. "एकदम कोरडी. भरा."

मामाने मान हलवली. मग लिफ्ट बघतो म्हणून तो बाहेर गेला.

मीही निघालो, तर मास्तरांनी बाही धरली. धरली म्हणजे बोटं नुसती ठेवली. "गोड आहे," ते म्हणाले. "बावीस. फार तर तेवीस. थंडीने अडकलीय. ऊब द्या, बुधला हळू हलवा, तळाचं यीस्ट वर येऊ द्या." मग म्हणाले, "मी गेल्यावर सांग त्याला. आत्ता नको. आत्ता सांगितलंस तर रडेल, आणि बसमध्ये रडणारा बॅटरीवाला बरा दिसत नाही."

बसमध्ये मामा रडलाच. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. म्हणाला, "जीभ गेली रे त्याची. बावीसला कोरडी म्हणाला. तीस वर्षांत एकदा चुकला नव्हता. मी आकडा खोटा दिला म्हणून चुकला. त्याने माझ्या आकड्यावर भरवसा ठेवला."

मी बाजूला बसून होतो. ओठांवर आलेलं वाक्य मी तीन थांबे गिळत राहिलो. शब्द दिला होता. आज वाटतं, मोडायला हवा होता.

बुधवारी सकाळी ताईचा फोन आला, आकड्याच्या वेळेला. मामाने फोन उचलला आणि सवयीने आधी वही उघडली.

सगळं आटोपून आम्ही परत आलो तेव्हा समोरच्या खोलीला कुलूप होतं. मामा बुधल्यासमोरच्या स्टुलावर बसला, मास्तरांच्याच. मी त्याला सगळं सांगितलं. सरळ रेघ, खडू, बाही, सगळं. शेवटी म्हणाला, "किती म्हणाला?"

"बावीस. फार तर तेवीस."

मामाने मोबाइल काढला. खरा आकडा तसाच होता: हजार बावीस. तो त्याने माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "बघ. कापसाच्या बोळ्यावरून. आणि आपल्याला यंत्र लागलं." हसायला गेला आणि ते हसू मधेच दुसरीकडे वळलं.

मास्तरांच्या खोलीची किल्ली आमच्याकडे होती. इस्त्रीखाली घालायची जाड घोंगडी मामाने आणली आणि बुधल्याभोवती गुंडाळली. मग दोन्ही हातांनी बुधला धरून तो हळूहळू हलवत राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मास्तरांचं काम केलं. दुसऱ्या दिवशी आकडा एकवीस झाला. मग परत बावीस, मग एकोणीस. खालीवर, खालीवर, पण उतरत गेला. महिन्याभराने नऊशे सत्त्याण्णववर थांबला, पंधरा दिवस तिथेच राहिला, आणि मामा म्हणाला, "चाख."

मी चाखली. मला काय कळतंय! "कोरडी वाटते," म्हणालो.

"किती?"

ते काही मला सांगता आलं नाही. मामा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. माझी की आणखी कुणाची, ते मी विचारलं नाही. मग त्याने बुचांचा डबा पुढे ओढला. "भरा" असं कुणीच म्हणालं नाही.

एक बाटली ताईला नेऊन दिली. बाकीच्या जिन्याखालच्या कपाटात आहेत, आणि अजून तरी शाबूत आहेत.

महिन्यापूर्वी ताईचा फोन आला होता. तिने मशीनवर बसायला सुरुवात केलीय. म्हणाली, "खणातल्या बॉबिन कमी पडतात हो काका. बाबांनी तुम्हाला सात दिल्या होत्या ना?"

"दिल्यात ना, उसन्या," मामा म्हणाला. "आणतो रविवारी."

असे चार रविवार गेले. बाजारात नव्या मिळतात, मी आणूनही ठेवल्यात, पण त्या न्यायला मामा तयार नाही, आणि नळीचं झाकणही मला उघडू देत नाही. बुधला आता रिकामा आहे. नळी मामाच्या उशाशी साध्या पाण्याच्या बरणीत तरंगते, पंचवीस अंशांवर. चार्जिंगची तार मामाने स्वतःकडे जपून ठेवलीय. तळाला सात बॉबिन दिसतात, वरून तिसरीवर निळा दोरा. तासातासाला ती जागी होते आणि कळवते: हजार.

उद्या रविवार आहे.